हंडे घासायचा दिवस आणि भिंतीवरचा गिझर

दिवाळीच्या तोंडावर आपल्या भागातल्या कानडी घरांत एक सण होतो, ज्याला आमच्या मराठी घरात वेगळे असे नाव नव्हते. कानडीत मात्र त्याला चांगले ठसठशीत नाव आहे : ‘नीर तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीघर धुऊन काढायचे, हंडे चिंच लावून लख्ख घासायचे, त्यांना चुन्याचे पट्टे ओढायचे, गळ्यात वेल किंवा फुलांची माळ बांधायची, पाणी भरायचे आणि हळदकुंकू वाहायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाण्याने अभ्यंगस्नान. माझ्या पत्नीचे माहेर धारवाडचे. लग्नानंतर हा सण तिच्याबरोबर आमच्या बेळगावच्या घरात आला आणि आता तो आमचाच झाला आहे.

सण श्रद्धेचा आहे, यात शंका नाही. पण त्याच्या पोटात एक पक्का व्यवहारही आहे. थंडी सुरू होण्याच्या आधी, वर्षातून एकदा, पाणी तापवायचे साधन रिकामे करून आतून-बाहेरून पाहायचे. बुडाचा पांढरा थर खरवडायचा. कुठे पाझर असेल तर डाग देऊन घ्यायचा. चुलीची राख काढायची, धुराड्यातली काजळी पाडायची. पंचांगाने त्यासाठी दिवस नेमून दिला होता, म्हणून ते काम राहून जात नव्हते.

आज बहुतेक घरांतून हंडे माळ्यावर गेले आहेत. दाराशी ठेवून त्यात फुले टाकायची, एवढाच त्यांचा उपयोग उरला आहे. पाणी तापवण्याचे काम भिंतीवरच्या गिझरकडे, छपरावरच्या सोलरकडे किंवा गॅस गिझरकडे आले. खंडेनवमीला आपण स्कूटरला हार घालतो, शिलाई यंत्राला कुंकू लावतो, कॉलेजातल्या प्रयोगशाळेची पूजा करतो. गिझर मात्र सर्व सणांतून सुटला आहे. हंड्याबरोबर त्याच्या देखभालीचा दिवसही माळ्यावर गेला, तो खाली काढावा, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. हे केवळ पाणी लवकर तापावे म्हणून नाही. शेवटी येणारा भाग वाचल्यावर ते लक्षात येईल.

बंब बोलायचा, गिझर गप्प असतो

बंब आणि गिझर यांच्यातला मोठा फरक इंधनाचा नाही, तो आपल्या नजरेचा आहे. बंब रोज आपल्याशी बोलायचा. जाळी तुटली की निखारे खाली पडायचे, नळी चोंदली की धूर न्हाणीत पसरायचा, तोटी गळली की खाली ओल दिसायची. घरातल्या लहान पोरालाही त्याचे दुखणे कळत असे. गिझर हा पांढऱ्या कवचातला बंद डबा. बटण दाबले, लाल दिवा लागला, दिवा गेला, पाणी आले. आत काय चालले आहे ते दिसत नाही, म्हणून काही चाललेलेच नाही असे आपण समजतो.

त्या डब्यात असते काय? पाण्याची टाकी, तिच्यात बुडालेली कॉइल म्हणजे हीटिंग एलिमेंट, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, थर्मोस्टॅट बिघडला तर शेवटचा राखणदार म्हणून थर्मल कट-आऊट, आणि थंड पाण्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह. टाकी काचलेप दिलेल्या लोखंडाची असेल तर आत मॅग्नेशियमची एक कांडीही असते, तिला अॅनोड म्हणतात. तिचे काम मोठे गमतीचे आहे. पाणी लोखंडाला गंजवू पाहते, तेव्हा ही कांडी आधी स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. कांडी संपली की गंज टाकीकडे वळतो. वर्ष-दोन वर्षांत ती पाहून बदलली तर टाकी बरीच वर्षे टिकते. पण गिझर घेतानाही दुकानदार या कांडीबद्दल क्वचितच सांगतो.

आमच्या भागात गिझर दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांचे बोलणे निम्मे मराठी, निम्मे कानडी. मागे एकदा त्यांनी एका शेजाऱ्यांच्या गिझरमधली कॉइल काढून माझ्या हातात ठेवली. तिच्यावर करंगळीएवढा जाड पांढरा थर होता. “सर, हे बघा. चुना विकत घ्यायला नको, घरातच भट्टी लागलीय,” असे म्हणून ते हसले. त्या घरात बोअरचे पाणी होते.

पाणी कुठले, यावर गिझरचे आयुष्य

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की थोडे थांबावेसे वाटते. बेळगाव शहराला राकसकोपचे, म्हणजे मार्कंडेय नदीचे आणि हिडकलचे, म्हणजे घटप्रभेचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी बोअरच्या पाण्याच्या मानाने सौम्य असते. जमिनीखाली मुरलेले पाणी मात्र वाटेतल्या खडकांतून आणि मातीतून कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणत, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. घरच्या कानडीत ‘सवळ नीर’ म्हटले की सर्वांना समजते.

हे पाणी तापवले की त्यात विरघळलेला कॅल्शियमचा क्षार न विरघळणाऱ्या चुन्यात बदलतो आणि जिथे सर्वांत जास्त गरम, तिथे चिकटतो. म्हणजे थेट कॉइलवर. तापमान जितके अधिक, तितका थर लवकर साचतो. म्हणून थर्मोस्टॅट ७५ अंशांवर ठेवून नंतर बादलीत निम्मे थंड पाणी ओतण्यापेक्षा तो ६० अंशांच्या आसपास ठेवणे शहाणपणाचे. साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून त्याहून फार खालीही आणू नये. ६० अंशांचे पाणी थेट अंगावर पडले तर काही सेकंदांत भाजते. म्हणून मुलांच्या आणि वृद्धांच्या बादलीत आधी थंड पाणी, मग गरम पाणी, हा क्रम घरात पक्का असावा.

थरामुळे विजेचे बिल दुप्पट होते, असे अनेकजण सांगतात. ते तितकेसे खरे नाही. कॉइल पाण्यातच असते, तिची उष्णता थोड्या उशिराने का होईना, पाण्यातच जाते. खरे नुकसान वेगळे आहे. चुन्याच्या गोधडीखाली कॉइल स्वतः भलतीच तापते आणि एक दिवस जळून जाते. थर्मोस्टॅटच्या नळीवर थर बसला तर पाणी खरोखर किती तापले हे त्याला कळत नाही. मग कधी पाणी कोमट राहते, कधी उकळीपर्यंत जाते.

वर्षातून एकदा काय करावे

गिझर आपली दुखणी अगदीच सांगत नाही असे नाही, फक्त कान द्यावा लागतो. पाणी तापताना आतून भात खदखदल्यासारखा आवाज येत असेल तर थर साचला आहे. गरम पाण्याला तांबूस रंग असेल तर टाकी किंवा पाइप गंजत आहे. पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागत असेल तर कॉइल, थर्मोस्टॅट किंवा विजेचा दाब यांपैकी काहीतरी कमी पडत आहे. नळाला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले तर मात्र त्याच क्षणी मेन बंद करावा आणि मिस्त्री येईपर्यंत गिझर वापरू नये.

वार्षिक सफाई जाणकार माणसाकडून करून घ्यावी, पण ती कशी होते हे घरच्यांना माहीत असावे. आधी वीज बंद, नुसते बटण नव्हे तर एमसीबीसुद्धा. पाणी निवू द्यायचे, थंड पाण्याचा कॉक बंद करायचा आणि टाकी रिकामी करायची. मग खालची चकती उघडून कॉइल बाहेर काढायची. थर लिंबाच्या सत्त्वाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून मऊ करायचा आणि हलक्या हाताने काढायचा. संडास धुण्याचे अॅसिड टाकीत घालणारे महाभाग आहेत. त्याने थर जातो, आणि मागोमाग टाकीही जाते. उघडलेल्या चकतीखालचे रबरी गॅस्केट नवे घालून घ्यावे, त्यात दहा-वीस रुपयांची काटकसर करू नये.

परत चालू करताना एक नियम विसरू नये. आधी गरम पाण्याचा नळ उघडून ठेवायचा, टाकी भरू द्यायची, नळातून हवा न फुसफुसता सलग धार आली की मगच वीज लावायची. कोरड्या टाकीत कॉइल लागली तर ती पाहता पाहता जळते. गावाहून परतल्यावर, किंवा छपरावरची टाकी रिकामी झाली असेल तेव्हाही हाच नियम.

आता सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल. पाणी तापले की फुगते. २० अंशांचे २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेले तर ते जवळजवळ पाऊण बाटली, म्हणजे चारशे मिलिलिटरच्या आसपास वाढते. ही वाढ परत थंड पाण्याच्या पाइपात जाऊ शकली नाही तर व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडते. ती गळती नव्हे, तो व्हॉल्व्हचा श्वास आहे. ठिबकणे बंद व्हावे म्हणून तिथे लाकडाची खुंटी ठोकलेली किंवा एम-सील फासलेले मी काही घरांत पाहिले आहे. त्याच दिवशी थर्मोस्टॅटही बिघडला तर बंद टाकीतल्या वाफेला जायला वाट उरत नाही, आणि टाकी फुटते. व्हॉल्व्ह कधीही बंद करू नये. धार लागून वाहत असेल तर तो बदलावा, आणि ठिबकणाऱ्या पाण्याला एक बारीक नळी जोडून मोरीत सोडावी.

वीज, व्होल्टेज आणि बिल

दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, पुरेशी जाड तार, वेगळा एमसीबी आणि खरेखुरे अर्थिंग हवे. जुन्या घरात तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण मागे अर्थिंगची तारच नसते, असेही आढळते. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घेतला तर गळणारी वीज माणसाच्या अंगातून जाऊ लागताच पुरवठा क्षणार्धात तुटतो. महिन्यातून एकदा त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहावे.

खेड्यांतून अनेकांची तक्रार असते की नवा गिझरही पाणी तापवत नाही. तेथे दोष बहुधा व्होल्टेजचा असतो. विजेचा दाब २३० वरून २०० वर आला तर कॉइलची ताकद १३ टक्क्यांनी नव्हे, सुमारे २४ टक्क्यांनी घटते. म्हणजे दोन किलोवॅटचा गिझर दीड किलोवॅटचा होतो. अशा वेळी मिस्त्रीला दोष न देता पहाटे लवकर, दाब चांगला असताना पाणी तापवून घ्यावे. तीन लिटरचा ‘इन्स्टंट’ गिझर असेल तर थंडीत नळ बारीक सोडावा. तीन किलोवॅटची कॉइल २० अंशांचे पाणी ४० अंशांवर नेताना मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी देऊ शकते. पूर्ण नळ सोडला तर कोमटच पाणी येणार, तो गिझरचा दोष नव्हे.

आता हिशेब करू. २० लिटरची एक बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. चार माणसांचे घर, प्रत्येकी एक बादली, म्हणजे दिवसाला सुमारे दोन युनिट आणि महिन्याला साठाच्या आसपास. कर्नाटकात २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या आधीच्या सरासरी वापरावरून ठरते, आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की सगळ्या बिलाचे पैसे भरावे लागतात. एरवी दीडशे युनिटांत बसणारे घर थंडीत नेमके या साठ युनिटांनी काठ ओलांडू शकते. म्हणून आंघोळीआधी वीस-पंचवीस मिनिटे गिझर लावणे, सर्वांच्या आंघोळी लागोपाठ उरकणे आणि मग बटण बंद करणे, ही सवय महत्त्वाची. गिझरवरचे स्टार म्हणजे न वापरता उभ्या राहिलेल्या पाण्यातली उष्णता चोवीस तासांत किती कमी गळते याचे माप आहे. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्याला स्टारचा फरक कळेल. लगेच पाणी वापरणाऱ्याला आपली शिस्तच जास्त वाचवते.

छपरावरचे ऊन

आपल्या भागात सोलरही पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दलची हिवाळ्यातली नेहमीची तक्रार अशी, “उन्हाळ्यात उकळते पाणी येते, आणि हवे तेव्हाच कोमट.” याचे एक कारण आकाशात आहे. बेळगावचे अक्षांश सुमारे १५.८५. डिसेंबरात २२ तारखेच्या सुमारास इथला मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर नसतो, तो दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवरच असतो. एप्रिलमध्ये जो माड किंवा शेजाऱ्यांचा मजला सोलरवर सावली टाकत नाही, तोच डिसेंबरात टाकतो. म्हणून नोव्हेंबरात एकदा सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन सावली पाहावी. आड येणारी फांदी छाटली तरी मोठा फरक पडतो.

काचेवर धूळ साचली असेल तर सकाळी, काच थंड असताना धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये, ती तडकते. टाकीवरून उभी गेलेली हवेची नळी कधीही बंद करू नये. गच्चीवरून न्हाणीपर्यंत येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपाला आच्छादन नसेल तर रात्रभर त्यातले पाणी गार होते. मग पहिली बादली वाया जाते. हे आच्छादन फार खर्चाचे नाही. आणि शक्य असेल त्यांनी संध्याकाळी आंघोळ करावी. दिवसभर तापलेले पाणी रात्रीच्या गारठ्यात निवू द्यायचे आणि पहाटे विजेचा बॅकअप लावायचा, यात ऊनही वाया जाते आणि वीजही.

निळी ज्योत आणि बंद दार

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. गॅस गिझर स्वस्त असतो, पाणी लगेच देतो, वीज गेली तरी चालतो. त्यामुळे भाड्याच्या घरांतून आणि लहान कुटुंबांतून तो झपाट्याने पसरला. आणि थंडीच्या दिवसांत कुठून ना कुठून बातमी येते, न्हाणीघराचे दार तोडले, आत माणूस बेशुद्ध किंवा मृत. कधी नवविवाहित, कधी आई आणि मूल. घरच्यांना वाटते हृदयविकार असेल, चक्कर आली असेल. अनेकदा कारण असते कार्बन मोनॉक्साइड.

ते कसे घडते, ते आकड्यांत पाहू. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १५ किलो हवा लागते, म्हणजे बारा घनमीटरांहून थोडी जास्त. पाच फूट बाय सहा फुटांचे, आठ फूट उंचीचे न्हाणीघर सात घनमीटरांचेही नसते. एक बादली पाणी तापवायला सुमारे ४५ ग्रॅम गॅस जळतो. दार लावून, थंडी नको म्हणून खिडकीही लावून, लागोपाठ चार बादल्या पाणी तापवले तर खोलीतल्या हवेचा जवळजवळ तिसरा हिस्सा गिझरनेच वापरलेला असतो. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. म्हणून गळती आपल्याला कळते. हा दुसरा वायू कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मग मळमळ, मग पायांतली ताकद जाते. दाराची कडी दोन फुटांवर असते आणि माणसाला उठता येत नाही. बंबाच्या धुराने डोळे चुरचुरायचे, ठसका लागायचा, आणि माणूस बाहेर पळायचा. इथे ठसकाही लागत नाही.

म्हणून गॅस गिझरबाबत तडजोड नको. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्यावा. सध्या आत बसवलेला असेल तर या थंडीपूर्वी बाहेर काढून घ्यावा. ते होईपर्यंत निदान दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, खोलीत हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. खिडकीची फट वर्तमानपत्राने बुजवू नये. ज्योत निळी असावी. पिवळी, धुरकट ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही, आत काजळी आहे, लगेच सफाई हवी. बोअरच्या पाण्याचा थर इथे तांब्याच्या नळ्यांत बसतो आणि गॅस खरोखर वाया घालवतो. थंडीआधी बॅटऱ्या बदलाव्यात, रबरी नळीची तारीख पाहावी. पाच वर्षे झाली असतील तर ती बदलावी.

आंघोळ करताना डोके दुखू लागले, गरगरले तर अंगावर साबण असला तरी आधी दार उघडावे. आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल तर वेळ न घालवता दार उघडावे, गॅस बंद करावा, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. धारवाडच्या घरी मोठी माणसे न्हाणीच्या बाहेरून अधूनमधून विचारत, “जळका आतेनु?” आंघोळ झाली का? ते घाई करणे वाटे. पण बाहेरून कुणीतरी हाक मारत राहणे ही उपयोगाची रीत आहे, ती चालू ठेवावी.

खोलीवर राहणारी मुले

माझ्या वर्गात खानापूर, चंदगड, गोकाक, रामदुर्ग भागांतली मुले असतात. ती खोली घेऊन राहतात आणि पाणी तापवायला बादलीत सोडायचा रॉड आणतात. त्यांच्या आई-वडिलांसाठी दोन गोष्टी. रॉड पाण्यात असताना आणि प्लग लावलेला असताना पाणी किती तापले हे बोट घालून कधीही पाहू नये. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, मगच हात. आणि रॉड पाण्यात खुणेपर्यंत बुडवूनच चालू करावा, लोखंडी बादलीत टाकू नये, मोबाइल बघत विसरून जाऊ नये. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी आले की त्याच्या रॉडची तार तपासून पाहावी. फराळाच्या डब्याबरोबर गरज असेल तर नवा, आयएसआय खुणेचा रॉड द्यावा.

दिवस ठरवू या

थंडी पडल्यावर मिस्त्री मिळत नाही, हा सर्वांचा अनुभव. डिसेंबरात आपल्याकडे पहाटेचे तापमान पंधरा अंशांच्या खाली उतरते. तेव्हा सगळ्यांचेच गिझर एकदम आठवतात आणि मिस्त्रींकडे आठ-आठ दिवसांची रांग लागते. दसरा ते दिवाळी या काळात तेच मिस्त्री दुसऱ्या दिवशी येतात. म्हणून माझे म्हणणे असे, की वसुबारसेच्या आत गिझर, सोलर, गॅस, जे असेल ते तपासून घ्यावे. पाणी भरण्याच्या संध्याकाळी हंड्याला फुले वाहाल, तेव्हा गिझरलाही एक कुंकवाचे बोट लावावे. त्याची पूजा म्हणून नव्हे, तो पाहून झाला आहे याची खूण म्हणून.

एक छोटी युक्ती आमच्या घरात चांगली चालते. गिझरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. सफाई कधी झाली, कांडी कधी बदलली, व्हॉल्व्ह कधी पाहिला, एवढ्याच तीन तारखा तिच्यावर आहेत. चिठ्ठी दोन्ही लिपींत लिहिली आहे. आमच्या आईला मराठी वाचता येते, सासूबाई राहायला येतात त्यांना कानडी. दोघींपैकी कुणीही ती वाचून मला सांगू शकते की या वर्षीची तारीख अजून भरलेली नाही.